पहाटे चारचा वारा

प्रश्न

पत्र मोठं आहे, म्हणून सारांश देते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या या ताई माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतात. वय सत्तेचाळीस. घरी नवरा, सासूबाई आणि नववीतला मुलगा. २०२० च्या नोव्हेंबरात शाळा ऑनलाइन होत्या, तेव्हा पुतण्याने त्यांच्या मोबाइलवर ‘व्हर्च्युअल रेगाटा’ हा शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचा खेळ घालून दिला आणि ‘वेंडी ग्लोब’ या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत त्यांची एक होडी सोडून दिली. तेव्हापासून त्या खेळताहेत. वाऱ्याचा नवा अंदाज आला की होडीची दिशा बदलायची, म्हणून पहाटे साडेतीन-चारचा गजर लावतात. सासूबाईंनी मध्यंतरी मुलाला विचारलं, “तुझी आई रात्री उठून कुणाशी बोलते?” नवरा म्हणतो, “पोराला मोबाइलवरून ओरडतेस आणि स्वतः काय करतेस?” आपण नेमकं काय खेळतो हे ताईंनी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. होडीसाठी पैसे भरून घेतलेल्या जादा साधनांच्या ‘फुल पॅक’चंही नाही.

त्यांच्या टीममधले एक बेल्जियन गृहस्थ त्यांना राउटर या, वाऱ्याच्या अंदाजावरून वाट आखणाऱ्या प्रोग्रामने काढलेला मार्ग आयता पाठवतात. मागच्या शर्यतीत त्या मार्गाने जाऊन ताई पहिल्या काही हजारांत आल्या, पण “काहीच वाटलं नाही,” असं त्या लिहितात. आता १ नोव्हेंबरला ‘रूत द्यु र्‍हम’ ही फ्रान्सहून कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटांपर्यंतची शर्यत सुरू होते आहे आणि ८ ला लक्ष्मीपूजन. त्या विचारतात, “या वेळी लॅपटॉप घेऊन, राउटर शिकून पूर्ण ताकदीने उतरू, की ॲप काढूनच टाकू? जिने आयुष्यात शिडाच्या होडीत पाय ठेवला नाही, तिने खोट्या समुद्रात खोटी होडी हाकून काय मिळवायचं?”

उत्तर

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, “सातवीला वारे शिकवताना हल्ली मला पुस्तक उघडावं लागत नाही.” माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. तुम्ही मात्र ते मिळकतीत धरलेलं नाही. मिळकत म्हणून तुम्ही फक्त क्रमांक मोजलाय आणि तो पोकळ निघाला म्हणून सगळा खेळच पोकळ ठरवायला निघाला आहात.

आधी तुमच्या ‘खोट्या समुद्रा’बद्दल बोलू. मीही या शर्यती खेळते, त्यामुळे तो शब्द मला टोचला, पण तो पूर्ण चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही. खोटं काय आणि खरं काय, हे नीट वेगळं करायला हवं. तुमच्या पडद्यावरचा वारा खरा आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेचं जीएफएस नावाचं हवामान मॉडेल दिवसातून चार वेळा साऱ्या पृथ्वीचा अंदाज नव्याने काढतं आणि तोच तुमच्या होडीच्या शिडात भरला जातो. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांपाशी तुमची होडी दोन दिवस रखडली असेल, तर त्या दिवशी तिथे खरोखरच जास्त दाबाचा प्रदेश बसलेला होता आणि खऱ्या शर्यतीतली माणसंही त्याला वळसा घालायच्या विवंचनेत होती. व्यापारी वारे, विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा, गरजणारे चाळीस (दक्षिणेकडच्या चाळिसाव्या अक्षांशापलीकडचे जोरदार पश्चिमी वारे) हे सगळं तुम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं. २०२० च्या हिवाळ्यात तुमची स्वतःची होडी त्यातून गेली आणि शांत पट्ट्यात ताटकळत बसणं म्हणजे काय ते तुम्हाला कळलं. हे ज्ञान खरंच आहे.

खोटं आहे ते शरीर. तुमची होडी मोडत नाही. २०२० च्या त्याच शर्यतीत ३० नोव्हेंबरला केप ऑफ गुड होपच्या नैर्ऋत्येला केव्हिन एस्कोफिए यांची बोट लाटेत घुसून अक्षरशः दुमडली. काही मिनिटांत ते जीवरक्षक तराफ्यात होते आणि साठी ओलांडलेल्या जाँ ल काम यांनी शर्यत बाजूला ठेवून, अंधारात शोधत, काही तासांनी त्यांना वर घेतलं. ज्या शर्यतीत तुम्ही आता उतरणार आहात, तिच्या १९७८ च्या पहिल्याच वर्षी आलँ कोलास हा नावाजलेला दर्यावर्दी त्याच्या ‘मानुरेवा’सकट नाहीसा झाला आणि पुन्हा सापडला नाही. आपल्या नौदलातल्या अभिलाष टॉमींचं तर तुम्हाला माहीत असेलच. २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला आणि फ्रेंच जहाजाने त्यांना उचलेपर्यंत ते तीन दिवस जागचे हलू शकले नाहीत. तोच माणूस पुढच्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरा आला. यातलं काहीही आपल्या वाट्याला येत नाही. थंडी नाही, ओल नाही, लाटांचा हिशोब नाही.

मॉडेललाही सगळं दिसत नाही. जीएफएसच्या जाळीतला एकेक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरचा. ग्वादलूपच्या बास-तेर बेटाची रुंदी जवळपास तेवढीच. त्या बेटावर सुफ्रिएर हा १४६७ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे आणि त्याच्या आडोशाला वारा पडतो. शर्यत संपण्याआधी बोटींना याच बेटाला वळसा घालावा लागतो. २०१८ मध्ये फ्रान्सिस जॉयोन यांनी त्या शेवटच्या वळशात फ्रान्स्वा गाबार यांना गाठलं आणि सात दिवसांच्या शर्यतीनंतर सात मिनिटं आठ सेकंदांनी जिंकले. खऱ्या शर्यतीतला हा सगळ्यात दगाबाज तुकडा तुमच्या पडद्यावर बराच मवाळ दिसणार. मुलांना सांगायला मात्र हे फारच चांगलं उदाहरण आहे.

म्हणजे तुम्ही खलाशी नाही, आणि तसा दावाही तुम्ही कुठे केलेला नाही. तुम्ही वारा वाचणाऱ्या आहात. ही गोष्ट एकदा स्वतःशी कबूल केली की बाकीचे निर्णय सोपे होतात, कारण मग प्रत्येक सवयीला एकच प्रश्न विचारता येतो, हिच्यामुळे मी वारा जास्त चांगला वाचते का?

पहाटे चारच्या गजरापासून सुरुवात करू. तुम्ही लिहिलंय, “रात्री उठलं नाही तर मी मागे पडते.” हे तुम्ही तपासून पाहिलंय का? मॉडेलचे चार अंदाज जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री, सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला सुरू होतात. आकडेमोड होऊन गेमपर्यंत पोचायला साधारण चार-पाच तास जातात. आपल्या घड्याळात साडेपाच तास मिळवा. एक अंदाज सकाळी साडेनऊ-साडेदहाच्या सुमाराला येतो, एक दुपारी चारच्या आसपास, एक रात्री दहाच्या आसपास आणि एक पहाटे साडेतीन-साडेचारला. चारपैकी तीन अंदाज तुमच्या जागेपणीच येतात. ज्या एकासाठी तुम्ही झोप मोडता, तो रात्री दहाच्या अंदाजापेक्षा फक्त सहा तासांनी ताजा असतो. खुल्या समुद्रात सहा तासांत वाऱ्याचं चित्र क्वचितच इतकं फिरतं की त्यापायी झोप घालवावी. जिथे ते फिरतं, म्हणजे वादळाच्या तोंडाशी किंवा जास्त दाबाच्या काठावर, तिथेही नेमकी कोणती रात्र नाजूक आहे हे दोन दिवस आधी दिसत असतं.

वेंडी ग्लोबमधली माणसं वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेतात, असं तुम्ही लिहिलंय आणि त्यातून स्वतःच्या जागरणाला जरा बळ घेतलंय. ती माणसं तशी झोपतात कारण त्यांच्या बोटीवर दुसरं कुणी नसतं आणि समोर जहाजं, मासेमारीच्या बोटी असतात. २०२१ च्या जानेवारीत बोरिस हेरमान शेवटच्या रेघेपासून अवघ्या नव्वद सागरी मैलांवर मच्छीमारी बोटीवर आदळले, तेही झोप घेत असताना. झोप कधी आणि किती घ्यायची, हे त्यांच्या मोहिमेच्या आखणीतलं एक मुख्य काम असतं. तुमच्या आखणीत झोपेला जागाच नाही. तुम्हाला सकाळी पहिली तासिका घ्यायची असते आणि समोर पन्नास-साठ मुलं असतात.

माझी सूचना अशी, दिवसातून दोनदा पाहा. एकदा मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर, एकदा रात्री दहाला. रात्रीचं पाहणं मोठं, वीस-पंचवीस मिनिटांचं. त्यात सकाळपर्यंतची आखणी करून फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. होडीला रात्री कसं सोडायचं याचे दोन मार्ग तुमच्याकडे आहेत. एक म्हणजे ठरलेल्या बिंदूंवरून नेणं, दुसरा म्हणजे वाऱ्याशी कोन बांधून टाकणं. जमीन जवळ असेल तर नेहमी बिंदू लावा. कोन बांधलेली होडी वारा फिरेल तशी फिरते आणि किनारा समोर आहे की नाही हे तिला कळत नाही. खुल्या समुद्रात मात्र बांधलेला कोन फार उपयोगी, फक्त कोणत्या बाजूने वारा घेताय ते पाहून. व्यापारी वाऱ्यांत पश्चिमेकडे जाताना वारा हळूहळू ईशान्येकडून पूर्वेकडे सरकतो. कोन बांधलेली होडी त्याच्याबरोबर उजवीकडे वळत जाते. तुम्ही दक्षिणेकडे उतरत असाल तर हे वळण तुम्हाला आपोआप ग्वादलूपच्या दिशेला आणून सोडतं. शीड दुसऱ्या बाजूला घेऊन वायव्येकडे निघाला असाल, तर हेच वळण तुम्हाला रात्रभर उत्तरेला भरकटवत नेतं. ही एक गोष्ट नीट समजली तर पहाटेचे कितीतरी गजर वाचतील.

आता राउटर. तुमच्या पत्रात राउटर म्हणजे एकीकडे लबाडी आणि दुसरीकडे प्रगती, असा गोंधळ आहे. तो तुमचा एकटीचा नाही, खऱ्या शर्यतीतही त्यावर दोन मतं आहेत. वेंडी ग्लोबमध्ये किनाऱ्यावरच्या हवामानतज्ज्ञाकडून मार्ग आखून घ्यायला बंदी आहे, पण बोटीवरच्या संगणकावर स्वतः राउटिंग चालवायला पूर्ण मुभा आहे. अल्टिम या प्रचंड ट्रायमरानच्या, म्हणजे तीन सांगाड्यांच्या बोटींच्या वर्गात किनाऱ्यावरच्या सल्लागारांची मदत चालते. तेव्हा यंत्र वापरणं हा काही गुन्हा नाही, आणि आपल्या खेळात तर त्याला मनाईही नाही. प्रश्न एवढाच की निर्णय कुणाचा. तुम्हाला ‘काहीच वाटलं नाही’, कारण त्या शर्यतीत तुम्ही निर्णय घेतलाच नव्हता. मार्ग बेल्जियममधून आला, बोटं तुमची होती.

राउटर काय करतो ते तुमच्यासारख्या बाईंना दोन मिनिटांत कळेल. होडी आत्ता आहे त्या जागेपासून तासाभरात कुठे कुठे पोचू शकते ते सगळे बिंदू तो काढतो आणि जोडतो. मग त्या रेषेवरच्या प्रत्येक बिंदूपासून पुढचा तास, मग त्याच्या पुढचा. तुम्ही समदाब रेषा शिकवता, या समवेळ रेषा. त्यासाठी त्याला दोनच गोष्टी लागतात, वाऱ्याचा अंदाज आणि होडीचा पोलर, म्हणजे किती वाऱ्यात, वाऱ्याशी कोणत्या कोनात होडी किती वेगाने जाते त्याचा तक्ता. त्याचं गणित बिनचूक असतं. पण अंदाज शंभर टक्के खरा ठरणार हे तो गृहीत धरतो आणि चार-पाच दिवसांपलीकडचा अंदाज तसा नसतो. म्हणून आज त्याने दहा दिवसांची सुरेख रेघ काढली तरी उद्या तीच रेघ तीनशे मैल बाजूला सरकलेली दिसते. २०२४ च्या डिसेंबरात वेंडी ग्लोबमध्ये दक्षिण हिंदी महासागरात मोठं वादळ मागून येत होतं, तेव्हा शार्ली दालँ आणि सेबास्तियाँ सिमाँ त्याच्या पुढे पळत राहिले आणि योआँ रिशोम उत्तरेला वळून त्याच्या वाटेतून दूर झाले. संगणक तिघांकडेही होता. किती जोखीम घ्यायची, हे मात्र ज्याचं त्यानेच ठरवलं.

तर राउटर शिका. क्यूटीव्हीएलएम हा प्रोग्राम मोफत मिळतो आणि तुमच्या मुलाच्या लॅपटॉपवर चालेल, नवा घ्यायची गरज नाही. मात्र तो उघडायच्या आधी एका वहीत स्वतःचं मत लिहा. तीन ओळी पुरे. जास्त दाब कुठे आहे, मी त्याच्या कोणत्या बाजूने जाणार, आणि का. मग राउटर चालवा आणि फरक कुठे पडला ते शोधा. सुरुवातीला तोच बरोबर निघेल. शंभरदा शीड बदलल्यावर वाया जाणारी मिनिटं तो मोजतो आणि आपण विसरतो. मागून वारा असताना सरळ जाण्यापेक्षा तिरकं जाऊन एकदा शीड पलटवणं किती वेगाचं, हे तो तक्त्यातून काढतो आणि आपण अंदाजाने. पण हळूहळू तुम्हाला त्याची खोड कळेल. जास्त दाबाच्या अगदी काठाला चिकटून जायचा त्याला मोह असतो, आणि तो काठ पन्नास मैल सरकला की होडी अडकते. तिथे तुम्ही मुद्दाम जरा लांबून जाल, आणि एखाद्या दिवशी बरोबर ठराल. त्या दिवशीचा क्रमांक तुम्हाला पोकळ वाटणार नाही.

बेल्जियमच्या गृहस्थांना हे मोकळेपणी कळवा. टीम सोडायचं कारण नाही. “यंदा आधी माझा मार्ग मी आखीन, तुमचा मला बारा तासांनी पाठवा, मग आपण ताडून पाहू,” एवढं लिहिलंत तर त्यांना आनंदच होईल. मार्ग वाटणाऱ्या माणसाला त्यावर बोलणारं कुणीतरी हवंच असतं.

फुल पॅकबद्दल थोडक्यात. जादा शिडं, फॉइल (होडीला पाण्यावर उचलून धरणारे पंख), गुळगुळीत तळ यांनी वेग वाढतो, समज वाढत नाही. पैसे भरायचे असतील तर वर्षाची रक्कम नवऱ्याला सांगून ठरवा आणि तिच्या आत राहा. सगळ्यांना सारखी बोट असलेली शर्यत हवी असेल तर स्वयंसेवकांनी चालवलेलं ‘सेलऑनलाइन’ आहे, तिथे खेळायला पैसे पडत नाहीत.

आता घर. इथे मला थोडं स्पष्ट बोलावं लागेल. तुम्ही लिहिलंय की घरच्यांना हा छंद कळणार नाही. ताई, तुम्ही त्यांना सांगितलंय कुठे? सासूबाईंना दिसतं ते एवढंच की सून पहाटे चारला अंधारात फोनच्या उजेडात बसते. त्यांच्या मनात आलं त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना समुद्रशर्यतीचा राग आलेलाच नाही, कारण समुद्रशर्यत आहे हे त्यांना ठाऊकच नाही. आणि नवऱ्याचं म्हणणं तर बरोबर आहे. मुलाला एक नियम आणि आईला दुसरा, हे नववीतलं पोर लगेच हेरतं. रात्री साडेदहानंतर घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत, तुमचा धरून. हा नियम तुम्ही स्वतःहून मांडलात तर पुढचं बोलणं फार सोपं जाईल.

सांगायचं कसं, याचा संकोच मला समजतो. आपल्याकडे बाईने भरतकाम केलं, वाचन केलं तर कुणी विचारत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मोबाइलवर होडी हाकते म्हटलं की हसू येईल, या भीतीने तुम्ही गप्प राहिलात. म्हणून तोंडी सांगू नका, दाखवा. जगाचा मोठा नकाशा भिंतीवर लावा आणि रोज रात्री तुमच्या होडीच्या अक्षांश-रेखांशावर एक टाचणी टोचा. शेजारी दुसऱ्या रंगाची टाचणी खऱ्या शर्यतीत पुढे असलेल्या बोटीची. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी विचारेलच, “हे काय?” सासूबाईंना फ्लोरन्स आर्तोची गोष्ट सांगा. १९९० मध्ये हीच शर्यत सगळ्या पुरुषांना मागे टाकून तिने जिंकली. मुलाला एलन मॅकआर्थरची. इंग्लंडमध्ये समुद्रापासून लांब, डर्बीशरमध्ये वाढलेली ही मुलगी शाळेतल्या जेवणाचे पैसे साठवून पहिली होडी घेते आणि चोविसाव्या वर्षी वेंडी ग्लोबमध्ये दुसरी येते. समुद्रापासून दूरच्या गावात राहणाऱ्या बाईला समुद्राचं वेड असू नये, असा कुठे नियम नाही.

असाच नकाशा वर्गात लावता आला तर लावा. तिथे मात्र खऱ्या बोटीच पुरेत, गेम नको. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून ‘तारिणी’ ही शिडाची बोट घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन करत २९ मे २०२५ ला परतल्या. गरजणारे चाळीस शिकवायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. त्याआधीची नौदलाची बोट ‘म्हादेई’, जिच्यावरून दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. मुलांना हे माहीत नसतं. कळलं की ती नकाशाच्या जवळ येऊन उभी राहतात.

हे वाचणाऱ्यांत अशा खेळाडूंच्या घरचीही माणसं असतील. कुणाचा नवरा, कुणाची मुलगी रात्री फोन घेऊन बसत असेल. त्यांना माझी विनंती आहे, एकदा शेजारी बसून पाहा आणि “कुठपर्यंत पोचली होडी?” असं विचारा. ज्याला उत्तरात वारा, बेट, दिशा सांगता येते, त्याच्याशी झोपेच्या वेळा ठरवणं जमतं. ज्याला फक्त क्रमांक सांगता येतो आणि सांगताना चिडचिड होते, त्याच्याशी जरा गंभीरपणे बोलायला हवं. शर्यत हरल्याचा राग जेवणाच्या ताटावर निघत असेल, कामाला दांड्या पडत असतील, खर्च लपवला जात असेल, तर काही महिने खेळ बंद ठेवणंच बरं. ताई, यातली खर्च लपवण्याची खूण तुमच्यातही आहे, म्हणून ती सगळ्यात आधी दूर करा.

तुम्ही दोनच पर्याय ठेवलेत, पूर्ण ताकद किंवा ॲप काढून टाकणं. मी तुम्हाला ही शर्यत खेळा असंच सांगेन, आणि दिवाळीची काळजी वाटते तितकी करायला नको. मार्गच पाहा. सेंट मालोहून ग्वादलूपपर्यंत ३५४२ सागरी मैल. २०२२ मध्ये आयमोका, म्हणजे वेंडी ग्लोबमध्ये असतात त्या वर्गातली पहिली बोट पावणेबारा दिवसांत पोचली होती. तुम्हाला त्या वर्गाची बोट मिळाली तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती अझोर्सच्या पलीकडे, बहुधा व्यापारी वाऱ्यांत असेल. या सगळ्या वाटेत सगळ्यात कमी लक्ष मागणारा टप्पा तोच. वारा मागून आणि बऱ्यापैकी स्थिर, दिवसातून एखाद-दुसऱ्यांदा शीड पलटवायचं. ७ तारखेच्या रात्री आखणी करून ठेवलीत तर अभ्यंगस्नान, फराळ, पूजा होईपर्यंत फोनला हात लावायची गरज नाही. अंदाज अगदीच उलटला तर काही मैल जातील. जाऊ द्या.

हिवाळ्यात दोन दिवस काढून मुंबई किंवा गोव्याला जा आणि शिडाच्या होड्या शिकवणाऱ्या एखाद्या क्लबात चौकशी करा. पावसाळा सोडून बाकीच्या महिन्यांत नवख्यांनाही बसवतात. मुलाला बरोबर न्या. वाऱ्याशी कोन म्हणजे काय ते गालाला कळतं, ते पडद्यावर कळत नाही.

जागरण करायचंच असेल तर पहिल्या रात्री करा. १ नोव्हेंबर रविवार आहे. फ्रान्समध्ये दुपारी शर्यत सुटेल तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असेल. सेंट मालोहून केप फ्रेएल, मग ब्रिटनीचा सगळा उत्तर किनारा आणि टोकाला वेसाँ बेट, असा हा तुकडा तुमच्या मध्यरात्रीनंतर संपेल. तोवर उजवी-डावी चूक झाली की होडी खडकाला लागते आणि सकाळपर्यंत तिथेच उभी राहते. घरात आधी सांगून ठेवा, दुपारी झोप काढा, मुलाला अकरापर्यंत शेजारी बसवा आणि किनारा मोठा करून त्याला बिंदू तपासायला सांगा. बिंदू लावताना प्रत्येक भूशिरापासून दोन-तीन मैल मोकळे सोडा. वेसाँ मागे पडलं की कोन बांधा आणि झोपा. सोमवारी शाळा सुटल्यावर पाहिलंत तरी चालेल.